पीयूसी न निघणारी मॉडिफाय केलेली जुनी गाडी विकायचीय? बडोद्यातून सगळी प्रोसेस, पहिल्यापासून

आमच्या काकांची १९८२ ची पद्मिनी आम्ही २०२४ मध्ये विकली. एका वाक्यात संपतंय पण त्यामागे जवळजवळ सात महिने गेले, कारण गाडी पीयूसीला बसत नव्हती आणि बसत नव्हती म्हणून ट्रान्सफर होत नव्हती, आणि ट्रान्सफर न करता द्यायला काकूंनी साफ नकार दिला होता, जो अगदी बरोबर होता. त्या सात महिन्यांत जे शिकलो ते इथे नीट लिहून ठेवतो, कारण दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या जुन्या वाड्यांमधून अजून अशा बऱ्याच गाड्या कव्हरखाली उभ्या आहेत आणि घरच्यांना कळत नाही की त्यांचं करायचं काय.

आधी आमची केस सांगतो म्हणजे पुढचं समजेल. काकांनी गाडी नवीन घेतलेली, स्टँडर्ड १०८९ सीसीचं इंजिन, हँड गिअर (म्हणजे स्टिअरिंगजवळचा). १९९८ मध्ये माझ्या चुलत भावाने त्यात प्रीमियर ११८ एनईचं इंजिन बसवून घेतलं, म्हणजे ते निसानचं ए१२, ११७१ सीसी, त्याच्यासोबत त्याचाच फ्लोअर गिअर, वर मोठ्या जेटचा (जेट म्हणजे पेट्रोल सोडणारी भोकं) ट्विन चोक कार्बोरेटर, बदललेला कॅम (वॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा) आणि फ्री फ्लो सायलेन्सर. गाडी पळायची मस्त, हालोल रोडला काका स्वतः हौसेने चालवायचे. पण आरसीवर हे काहीच चढवलं नव्हतं. काका २०१९ मध्ये गेले, २०२२ मध्ये आरसीची मुदत संपली, आणि गाडी वाड्यात उभी राहिली.

सगळ्यात आधी बॉनेट उघडा आणि आरसी हातात घ्या

लोक सुरुवात करतात जाहिरातीपासून. करू नका. आधी आरसी घेऊन गाडीजवळ बसा आणि एकेक गोष्ट ताडून बघा: चेसिस नंबर, इंजिन नंबर, सीसी, फ्युएल, रंग, सीट किती, मुदत कधीपर्यंत, मालकाचं नाव, बँकेचा बोजा आहे का. चेसिस आणि इंजिन नंबर वायर ब्रशने साफ करून त्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या आणि चांगल्या उजेडात फोटो काढा. जुन्या गाडीत नंबरवर रंगाचे तीन तीन थर असतात, घाईत ग्राइंडर मारू नका, नंबर घासला गेला तर नवीनच भानगड होते.

हे ताडणं एवढ्यासाठी महत्त्वाचं की पीयूसी न निघणं हा बहुतेक वेळा फक्त धुराचा प्रॉब्लेम नसतो, गाडी आणि कागद वेगवेगळं बोलत असतात हा असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ माहितीपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट सांगितलं की कंपनीने दिलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळं काही करायला परवानगी नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा न चालणाऱ्या बदलासाठी कलम १८२ए खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे इंजिन वेगळं असलेली गाडी समजा कशीबशी पीयूसीला बसवली तरी इन्स्पेक्शनला इंजिन नंबर बघितला की अडकणारच.

खरंच नापास आहे का, की ट्यूनिंग गेलंय?

इथे जरा वेळ घालवा, कारण खूप जण न तपासताच "आता काही होणार नाही" म्हणून भंगारात देतात.

बीएस-२ च्या (बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराचे सरकारी टप्पे) आधीच्या पेट्रोल कारला पीयूसीची मर्यादा आहे आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्के आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल, हायड्रोकार्बन) १५०० पीपीएम. बीएस-२, बीएस-३ च्या गाड्यांना हेच ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम आहे. म्हणजे जुन्या गाडीला कायद्याने बरीच सवलत दिलेली आहे, धडधाकट पद्मिनी किंवा अँबेसेडर ३ टक्क्यांत आरामात बसते. डिझेल असेल, म्हणजे जुनी जीप वगैरे, तर धुराची घनता बघतात, बीएस-४ च्या आधीच्या गाडीला २.४५ पर्यंत.

नुसतं "फेल" ऐकून घरी येऊ नका, दोन्ही आकडे लिहून घ्या, कारण ते दोन आकडे मेकॅनिकला अर्धी गोष्ट सांगतात. सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, मग जेट मोठे आहेत, फ्लोटची लेव्हल वर आहे, चोक पूर्ण उघडत नाही किंवा एअर फिल्टर चोंदलाय. सीओ ठीक पण एचसी जास्त म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, मग प्लग, प्लगच्या वायरी, पॉइंट, टायमिंग, टॅपेट बघा, आणि हे सगळं चांगलं असेल तर कॉम्प्रेशन काढा, रिंगा नाहीतर वॉल्व्ह गेलेले असतील. दोन्ही जास्त असतील तर कार्बोरेटरपासून सुरुवात करा.

आमच्या गाडीचं पहिलं रीडिंग होतं सीओ ६.८ आणि एचसी २४०० च्या वर. मग ऑइल बदललं (जुन्या ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलेलं असतं, ते वाफेने परत इंजिनात जातं आणि एचसी वाढवतं, हे बरेच जण विसरतात), प्लग, पॉइंट, कंडेन्सर नवीन टाकले, टॅपेट सेट केले, टाकीतलं दोन वर्षांचं पेट्रोल काढून ताजं भरलं, कार्बोरेटर उघडून धुतला, आणि इंजिन चांगलं वीस मिनिटं गरम करून मग मिक्श्चर स्क्रू सेट केला. आता आलं ३.६ आणि १७००. बरंच खाली, पण पास नाहीच. आणि याचं कारण मेकॅनिकने सांगितलं ते पटलं: भावाने टाकलेला कॅम असा होता की दोन्ही वॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहतात, वर रेव्ह केलं की ताकद देतो पण आयडलिंगला कच्चं पेट्रोल सरळ सायलेन्सरमध्ये ढकलतो, आणि पीयूसी तर आयडलिंगलाच होते. म्हणजे स्क्रू फिरवून ते जाणारच नव्हतं. मोठे जेट, मोठा कॅम असलेल्या कुठल्याही गाडीचं हेच होतं, त्यात मेकॅनिकचा दोष नसतो.

सायलेन्सरला भोक किंवा जॉइंट लीक असेल तर तेही आधी बंद करा, हवा मिसळून रीडिंग चुकीचं येतं.

आणि एक गोष्ट कळकळीने. या टप्प्यावर कोणीतरी भेटतोच जो म्हणतो गाडी आणू नका, मी पीयूसी काढून देतो. आम्हालाही एकजण भेटला. घेऊ नका. गाडी मशीनला न लावता निघालेलं सर्टिफिकेट खोटं आहे, ते दाखवून गाडी विकणं म्हणजे समोरच्याला फसवणं, आणि नंतर त्याने गाडी खऱ्या मशीनला लावली की त्याच्या हातात तुमच्याविरुद्ध पुरावा आहे. आणि तो धूर आपल्याच गल्लीतल्या पोरांच्या नाकात जातो हेही आहेच.

आता ठरवा की नक्की काय विकताय

ट्यूनिंग करूनही नापास असेल तर पुढे रस्ते थोडेच आहेत. माझं मत सरळ आहे: गाडी विकण्याआधी गाडी आणि कागद एकमेकांशी जुळवा, आणि जुळतच नसतील तर ती "गाडी" म्हणून विकू नका, पार्ट म्हणून विका. मधला रस्ता, म्हणजे जशी आहे तशी देऊन टाकायची आणि कोरे फॉर्म सही करून द्यायचे, हा सगळ्यात जास्त वापरला जातो आणि सगळ्यात घातक आहे, त्यावर खाली लिहितोच.

मूळ इंजिन घरात असेल तर ते परत बसवणं हा माझ्या मते सगळ्यात चांगला रस्ता. आमचं नशीब की काकांनी जुनं इंजिन आणि हँड गिअरचा गिअरबॉक्स वाड्याच्या मागच्या खोलीत गोणपाटात गुंडाळून ठेवला होता, सव्वीस वर्षं. इंजिन उघडलं तर जाम झालेलं, बोअर करून नवीन पिस्टन रिंगा टाकल्या, वॉल्व्ह सीटिंग केलं, मूळ कार्बोरेटरची सगळी पॅकिंग आणि पेट्रोल पंपाचा डायफ्राम बदलला, रबरी पाइप सगळे नवीन टाकले कारण आजकालच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही. फ्लोअर गिअरसाठी भावाने टनेल (फ्लोअरच्या मधला उंचवटा) कापलं होतं, तिथे पत्रा वेल्डिंग करून बंद केलं. काम झाल्यावर रीडिंग आलं सीओ २.१, एचसी ९०० च्या आसपास. ज्या दिवशी ते सर्टिफिकेट हातात आलं त्या दिवशी काकूंनी ते देवघरात ठेवलं.

मूळ इंजिन नसेल तर त्याच मॉडेलचं, त्याच सीसीचं इंजिन बिलासकट शोधा, आणि बदलायच्या आधी आरटीओत लेखी विचारून परवानगी घेऊन इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या. आधी बदल आणि मग विचारा असं करू नका. आणि इंजिनाचं बिल नसेल, ते कुठल्या गाडीतून निघालं हे सांगता येत नसेल, तर कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या, उद्या ते चोरीच्या गाडीचं निघालं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

इलेक्ट्रिक किंवा सीएनजी करून घेऊ असं बरेच जण सुचवतात. त्यात अट अशी की किट मान्यताप्राप्त टेस्टिंग एजन्सीने पास केलेलं हवं, अधिकृत सेंटरने बसवलेलं हवं आणि आरसीवर फ्युएल बदलून चढवायला हवं. तुमच्या मॉडेलसाठी असं किट असेल तरच विचार करा, फक्त विकण्यासाठी एवढा खर्च परत निघेलच असं नाही.

व्हिंटेजबद्दल वेगळं सांगायला हवं कारण आपल्याकडे हा गैरसमज खूप आहे. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसला ट्वेंटीवन गन सॅल्यूट या नावाचं जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन झालं, सगळं बडोदं बघून आलं, तेव्हापासून प्रत्येक जुन्या गाडीला लोक व्हिंटेज म्हणतात. कायद्यात व्हिंटेज म्हणजे पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, तीही मूळ स्वरूपात, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न केलेली. जुलै २०२१ च्या नियमांत हे आलं, नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं, आणि गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठी बाहेर काढता येते. म्हणजे मॉडिफाय केलेल्या गाडीला हा दरवाजा बंदच आहे. उलट तुमची गाडी ४०-४५ वर्षांची असेल आणि मूळ पार्ट घरात असतील तर ते जपा, घेणाऱ्याला त्याची किंमत कळते.

आता उरला पार्टचा रस्ता. गाडी परत मूळ रूपात येणारच नाही, कापाकापी फार झालीय, तर कलम ५५ प्रमाणे आरटीओला कळवून आरसी जमा करून रजिस्ट्रेशन रद्द करून घ्या आणि मग इंजिन, दरवाजे, काचा, मीटर, क्रोम वेगवेगळं विका किंवा शोरूम-हॉटेलात नुसती ठेवायला विका. किंवा सरकारमान्य स्क्रॅपिंग सेंटरला द्या, तिथून सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला मिळतो. पण रद्द म्हणजे रद्द, ती गाडी परत रस्त्यावर आणायची आशा धरू नका, म्हणून घरात सगळ्यांना विचारूनच करा. आमच्याकडे भाऊ म्हणत होता पार्ट विकू जास्त पैसे येतील, आणि खरंच थोडे जास्त आले असते, पण काकूंना गाडी चालताना जायला हवी होती.

कोऱ्या फॉर्मवर सही नको

जुन्या गाड्यांच्या बाजारात सर्रास चालतं: फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म) सही करा, तारीख, घेणाऱ्याचं नाव कोरं, पैसे घ्या, गाडी गेली. पुढे तो तिसऱ्याला विकतो, तिसरा चौथ्याला, आणि आरसीवर नाव तुमचंच. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, अॅक्सिडेंटची भरपाई त्याच्यावर येते, मग गाडी पुढे चार हात फिरलेली असली तरी. आता विचार करा, पीयूसी नसलेली, इंजिन बदललेली, बहुतेक वेळा इन्शुरन्सही संपलेली गाडी, आणि ती कुठेतरी दूरच्या गावात कोणाला धडकली. लाखांचा दावा बडोद्यात तुमच्या दारात येणार. काकूंच्या एका लांबच्या नातेवाईकांकडे स्कूटरच्या बाबतीत हे झालेलं आम्ही डोळ्यांनी बघितलंय, म्हणून त्या ठाम होत्या.

कागदांचा क्रम

हा क्रम चुकला की फेऱ्या वाढतात. आमच्या सुरुवातीच्या दोन फेऱ्या दरजीपुऱ्याच्या आरटीओला फुकट गेल्या कारण आम्ही शेवटचं काम आधी करायला गेलो होतो.

एक, जुनं पुस्तकवालं आरसी असेल तर आधी गाडी ऑनलाइन दिसते का ते परिवहनच्या साइटवर बघा. दिसत नसेल तर आरटीओत अर्ज करून बॅकलॉग एन्ट्री करून घ्या. गाडी सिस्टिममध्येच नसेल तर पुढचं कुठलंच काम हलत नाही.

दोन, मालक हयात नसेल तर आधी वारसाच्या नावावर. त्याला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं, बाकीच्या वारसांचं नाहरकत. कायद्याने हे तीन महिन्यांत करायचं असतं, आम्ही केलंच नव्हतं, त्यामुळे उशिराचा भुर्दंड बसला. अमेरिकेतल्या चुलत बहिणीच्या सहीसाठी दीड महिना गेला, तेव्हा तुमच्याकडे कोणी बाहेर असेल तर तिथूनच सुरुवात करा.

तीन, इन्शुरन्स. निदान थर्ड पार्टी हवाच. आधी पीयूसी असल्याशिवाय इन्शुरन्स रिन्यू करू नये असा कोर्टाचा आदेश होता, जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती अट काढली, म्हणून आता हे दोन्ही एकमेकांत अडकत नाही.

चार, पीयूसी.

पाच, आरसीची मुदत. खाजगी गाडीला पहिली १५ वर्षं आणि मग दर ५ वर्षांनी रिन्यूअल, फॉर्म २५ भरून, गाडी प्रत्यक्ष दाखवून. १९८२ ची गाडी म्हणजे १९९७, २००२ असं करत २०२२ ला संपलेली. एप्रिल २०२२ पासून कारची ही फी ५००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला १० हजार, शिवाय उशीर झाला तर महिन्यागणिक वेगळे. हे पैसे किमतीत धरा. आरटीओला दाखवायला नेताना गाडी चालवत नेऊ नका, मुदत संपलेली गाडी रस्त्यावर काढणं हाच गुन्हा आहे, टोइंगवर टाकून न्या.

मग चलन, टॅक्स बाकी आहे का बघा, बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ ने उतरवा. एवढं झाल्यावर ट्रान्सफर. घेणारा गुजरातमधला असेल तर फॉर्म २९, ३०, आणि तुम्ही १४ दिवसांच्या आत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. घेणारा महाराष्ट्रातला असेल, आणि बडोद्यातल्या गाड्यांना नाशिक, पुणे, मुंबईचे गिऱ्हाईक बरेच येतात, तर फॉर्म २८ ने एनओसी घ्यावी लागते, त्यात पोलीस रेकॉर्ड क्लिअर आहे का हेही बघतात, आणि तुमची मुदत ४५ दिवसांची. तिकडचा टॅक्स घेणाऱ्याने भरायचा, हे त्याला पहिल्या फोनवरच सांगा, नाहीतर शेवटच्या दिवशी घासाघीस सुरू होते. दिल्ली किंवा आजूबाजूचा घेणारा असेल तर सरळ नाही म्हणा, तिथे २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून १५ वर्षांवरचं पेट्रोल आणि १० वर्षांवरचं डिझेल रस्त्यावर आणायलाच बंदी आली, एवढी जुनी गाडी तिथे चालायची नाही.

जाहिरात आणि किंमत

जाहिरातीत सगळं लिहा. खरंच सगळं. आम्ही असं लिहिलं होतं: "प्रीमियर पद्मिनी १९८२, बडोदा पासिंग. १९९८ ते २०२४ या गाडीत ११८ एनईचं इंजिन होतं, आता मूळ नंबरचं १०८९ सीसी इंजिन बांधून परत बसवलंय. टनेलला कापून वेल्डिंग केलेलं आहे, फोटो दिलाय. फ्लोअरला डाव्या बाजूला गंज आहे. पीयूसी, इन्शुरन्स चालू. ११८ एनईचं इंजिन, गिअरबॉक्स बिलासकट वेगळं देणं आहे. नावावर करूनच गाडी मिळेल." फोन कमी आले पण आले ते कामाचे आले, टाइमपास करणारे पहिल्या दोन ओळींतच गळाले.

इंडियन कॉन्ट्रॅक्ट अॅक्टच्या कलम १७ मध्ये माहीत असलेली गोष्ट मुद्दाम दडवणं हे फसवणुकीत धरलंय आणि कलम १९ प्रमाणे असा व्यवहार समोरचा मोडू शकतो, म्हणजे गाडी परत आणि पैसेही परत. "जशी आहे तशी" असं एका ओळीत लिहिलं की सुटलो असं लोकांना वाटतं. तसं नाही, जे दडवलंय ते त्या ओळीने झाकलं जात नाही.

किमतीसाठी मी वहीत तीन आकडे काढले: मूळ स्थितीतली तशीच गाडी किती ला जाते, त्यातून आपल्या गाडीतलं उरलेलं काम वजा, आणि शेवटी पार्ट सुटे विकले तर किती येतील. पार्टची बेरीज ही तुमची खालची पायरी, त्याच्याखाली उतरू नका. मॉडिफिकेशनवर किती खर्च झाला हा आकडा मात्र विसरा. भावाने १९९८ ला किती घातले ते घेणाऱ्याला लागत नाही, कायद्याने न चालणाऱ्या बदलाला किंमत मिळत नाही, बहुतेक वेळा उलट कापली जाते. आमची गाडी १ लाख ८५ हजारांना गेली आणि जुनं मॉडिफाय इंजिन-गिअरबॉक्स वेगळं दुसऱ्याने नेलं, त्याला इंजिन नंबर टाकून पावती दिली आणि १९९८ च्या बिलाची झेरॉक्स जोडली. ते बिल काकूंच्या शेवयांच्या डब्यात सापडलं होतं, काका सगळी बिलं त्यात ठेवायचे.

गाडी दाखवताना

इंजिन थंड ठेवा, घेणाऱ्यासमोरच पहिला स्टार्ट मारा. आधी गरम करून ठेवलेली गाडी जाणकाराला लगेच कळते आणि मग तो बाकीच्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही. पीयूसी निघायच्या आधी कोणी बघायला आलं तर आवारातच फिरवू द्या, रस्त्यावर नाही, कारण पीयूसीशिवाय पकडलं तर कलम १९०(२) प्रमाणे १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे आणि चालवणाऱ्याचं लायसन्सही तीन महिने जातं. घेणाऱ्याने स्वतःचा मेकॅनिक आणला तर आनंदाने बघू द्या. आमचा नाशिकचा गिऱ्हाईक आला तो मेकॅनिक, टॉर्च आणि लोहचुंबक घेऊनच आला, पत्र्यावर चुंबक फिरवून पुट्टी कुठे कुठे भरलीय ते बघत बसला, दोन तास. काकूंना मावशी म्हणत चहा घेतला आणि त्याच वेळी म्हणाला, वेल्डिंग तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी परत गेलो असतो.

लिखापढी

इकडे बानाखत (बाना म्हणजे इसार, त्याचा करार) हा शब्द सगळ्यांना घर-जमिनीमुळे माहीत असतो, गाडीचंही तसंच करा, ई-स्टँपवर. त्यात चेसिस नंबर, इंजिन नंबर, आधी कोणतं इंजिन होतं आणि कधी बदललं, पीयूसीचं रीडिंग आणि तारीख, माहीत असलेले सगळे दोष, बाना किती आणि कधी दिला, बाकी रक्कम केव्हा, ट्रान्सफरचा खर्च कोणाचा, आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ. वेळ नक्की लिहा, त्या दिवशीचं चलन कोणाचं हे त्यावरूनच ठरतं. दोघांची आधारची झेरॉक्स, दोन साक्षीदार. पैसे बँकेतून घ्या. बाना घेतला की दुसऱ्या कोणाला शब्द देऊ नका, नंतर जास्त देणारा आला तरी.

गाडी ताब्यात द्या ती ट्रान्सफरचा अर्ज किंवा एनओसी हातात आल्यावरच. घेणारा म्हणेल एनओसीला वेळ लागतोय, मी गाडी नेतो तोवर. आमचाही म्हणाला, माणूस चांगला होता, तरी आम्ही थांबवलं आणि त्याला राग आला नाही. एनओसी आल्यावर कार कॅरियरवर गाडी गोल्डन चोकडीहून नाशिकला गेली.

गाडी गेल्यावर लगेच काचेवरचा फास्टॅग बंद करून टाका, नुसता खरवडून काढून चालत नाही, बँकेत बंद करावा लागतो. इन्शुरन्स कंपनीला विक्रीचं लेखी कळवा, घेणाऱ्याने १४ दिवसांत इन्शुरन्स नावावर करून घ्यायचा असतो, त्याला आठवण करा. परिवहनच्या साइटवर दर आठवड्याला गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बघत राहा. आमच्या बाबतीत नाशिकला नवीन नाव चढायला दोन महिने लागले, तोवर मी दर सोमवारी बघायचो आणि काकूंना फोन करायचो. नाव बदललेलं दिसलं की त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट काढून बानाखत, एनओसीची कॉपी, छापेचे कागद आणि शेवटच्या पीयूसीसोबत एका फाइलमध्ये ठेवा. आमची फाइल त्याच शेवयांच्या डब्यात आहे.